दळण डोळ्यांसमोर : प्रस्तावना

एका जिल्ह्याच्या गावी पत्रकारांसाठी आणि कॉलेजातल्या मुलांसाठी मी दोन दिवसांचा वर्ग घेतला होता. विषय होता टॉर, म्हणजे इंटरनेटवर आपण कोण आणि कुठून आलो हे न सांगता वावरता यावं म्हणून लिहिलेलं सॉफ्टवेअर. पहिल्या दिवशी दुपारी पडद्यावर टर्मिनलच्या ओळी सरकत होत्या आणि वर्ग शांत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक वार्ताहर म्हणाला, "मॅडम, हे तर डाउनलोड करून दोन क्लिकमध्ये चालू होतं. मग सोर्स कोडपासून बांधायचा एवढा खटाटोप कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. मी तेव्हा म्हटलं, "शिकायला मिळतं म्हणून." त्यानं मान डोलावली, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं आणि माझंही. हे पुस्तक त्या प्रश्नाचं सावकाश दिलेलं उत्तर आहे.

लहानपणी दर रविवारी आई मला दळणाचा डबा घेऊन गिरणीत पाठवायची. सूचना ठरलेली असे : "डबा ठेवून खेळायला जाऊ नकोस. आपलं दळण होईपर्यंत समोर उभी राहा." गिरणीवाल्या काकांवर तिचा अविश्वास होता असं नाही. दिवाळीला त्यांच्या घरी आमचा फराळ जायचा. पण निवडून, ऊन दाखवून डब्यात भरलेला लोकवन गहू एकदा पीठ झाला की तो आपलाच होता की दुसऱ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. गहू हातात घेऊन बघता येतो, त्यातला खडा वेचता येतो. पिठात मात्र काय मिसळलंय ते पोळी खाल्ल्यावरच कळतं.

सोर्स कोड म्हणजे गहू. तो माणसानं लिहिलेला असतो आणि माणसाला वाचता येतो. कंपायलर तो दळतो आणि यंत्राला कळेल असं पीठ करून देतो. आपण डाउनलोड करतो ते बहुतेक वेळा हे तयार पीठच असतं. गाणी ऐकायची असतील किंवा हिशेब मांडायचा असेल तर तयार पिठानं काही बिघडत नाही. पण जे सॉफ्टवेअर आपण आपली ओळख झाकण्यासाठी वापरणार, ज्याच्या भरवशावर एखादी बाई घरातल्या मारहाणीविरुद्ध सल्ला शोधणार किंवा एखादा वार्ताहर कागदपत्रं पुरवणाऱ्याशी बोलणार, त्याचं दळण निदान एकदा तरी डोळ्यांसमोर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता टॉरविषयी. या कल्पनेचं मूळ अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आहे. 1990च्या दशकाच्या मध्यावर तिथे पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी 'अनियन राउटिंग'चा आराखडा मांडला. त्याच्याही आधी, 1981 साली, डेव्हिड चॉम यांनी ई-टपालाच्या थप्प्या मिसळून, पाठवणारा कोण हे झाकण्याची पद्धत लिहून ठेवली होती. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन हे सायव्हरसन यांच्याबरोबर आले आणि ऑक्टोबर 2002मध्ये टॉरचं जाळं सुरू झालं. त्याचा कोड सुरुवातीपासूनच मुक्त परवान्याखाली सगळ्यांसमोर ठेवला गेला. 2003च्या अखेरीस स्वयंसेवकांनी चालवलेले जेमतेम डझनभर रिले, म्हणजे मजकूर पुढे पाठवणारे संगणक, होते. आज ते हजारोंनी आहेत. 2006 साली टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था उभी राहिली.

नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलेली वस्तू सगळ्या जगाला वाटून का टाकली, असं वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. त्याचं उत्तर या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. हे जाळं फक्त नौदलाच्या माणसांनी वापरलं असतं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच हे पाहणाऱ्याला आपोआप कळलं असतं. लपायचं तर गर्दी हवी, आणि ती नाना प्रकारच्या माणसांची हवी. ओसाड माळावर तोंड झाकून चालणारा माणूस चार कोसांवरून उठून दिसतो. पंढरीच्या वाटेवर लाखोंमध्ये चालणारा वारकरी तोंड उघडं ठेवूनही सापडत नाही. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा काढणार आहोत, कारण सोर्सपासून बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक नेमकी इथे होते.

टॉरचं काम समजायला 'अनियन राउटिंग' या नावातला कांदा पुरेसा आहे. तुमचा संगणक पाठवायच्या मजकुरावर कूटलेखनाचे तीन पापुद्रे चढवतो आणि तो तीन रिलेंमधून पाठवतो. पहिला रिले वरचा पापुद्रा काढतो. तुम्ही कोण हे त्याला दिसतं, पण कुठे निघालात ते दिसत नाही. मधल्याला फक्त मागचा आणि पुढचा रिले माहीत असतो. शेवटच्याला कुठे जायचं ते कळतं, पण निघालं कोण ते कळत नाही. सगळा मजकूर एकाच मापाच्या तुकड्यांत कापून जातो, म्हणजे आकारावरूनही अंदाज बांधणं अवघड व्हावं. पहिला रिले महिनोन् महिने तोच ठेवला जातो. नव्यानं शिकणाऱ्याला हे उलट वाटतं, सारखा बदलावा असं वाटतं. पण जितक्या वेळा बदलाल तितक्या वेळा एखाद्या बदमाशाच्या रिलेशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. एकदा निवडावा आणि त्याच्यापाशी राहावं, यात शहाणपण आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हा फरक चटकन कळावा म्हणून व्हीपीएनशी तुलना करते. व्हीपीएनमध्ये तुम्ही कोण आणि कुठे गेलात या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती असतात. 28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेनं आदेश काढला आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत असं बंधन घातलं. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर बंद केले. टॉरमध्ये दोन्ही गोष्टी माहीत असलेला एकही धनी नाही, त्यामुळे कुणाकडे मागायला गेलं तरी अख्खी वही कुणापाशीच नसते. तुमच्या इंटरनेट पुरवठादाराला मात्र तुम्ही टॉर वापरताय एवढं दिसू शकतं. ते झाकायला 'ब्रिज' लागतात. त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे.

कांद्याचा शेवटचा पापुद्रा निघाल्यावर काय होतं, ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. 2007 साली डॅन एगरस्टाड या स्वीडिश तंत्रज्ञानं टॉरचे पाच शेवटचे रिले चालवले आणि त्यांतून उघड्यावर वाहणारा मजकूर नुसता पाहिला. त्याच्या हाती जगभरच्या वकिलातींच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड लागले. त्यांतली शंभरेक खाती त्यानं जाहीर केली आणि त्यांत भारतीय वकिलातींचीही होती. टॉरमध्ये दोष नव्हता. ही मंडळी टॉरमधून जात होती, पण पुढचा मजकूर कूटबद्ध न करताच पाठवत होती. तुम्ही कोण हे टॉर झाकतं. तुम्ही काय लिहिलंत ते शेवटच्या टप्प्यावर झाकणं हे एचटीटीपीएसचं काम आहे. हा धडा देण्यापूर्वी मी कुणालाही टर्मिनल उघडू देत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा टॉर बांधलं ते एका जुन्या, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या लॅपटॉपवर. डेबियन लिनक्स टाकलेलं होतं. घरची सगळी झोपल्यावर बसले. टॉर सी भाषेत लिहिलेलं आहे आणि त्याला मुख्यतः तीन लायब्ररी लागतात : लिबइव्हेंट, ओपनएसएसएल आणि झेडलिब. टारबॉल, म्हणजे सोर्स कोडचं बांधून दिलेलं गाठोडं, उलगडला आणि कॉन्फिगर चालवलं. ही पायरी म्हणजे स्वयंपाकाला लागण्यापूर्वी डबे उघडून बघणं. तपासलं, आहे, तपासलं, आहे, अशा ओळी झरझर गेल्या आणि एकदम थांबल्या. लिबइव्हेंट सापडत नाही म्हणे. पॅकेजांची यादी पाहिली तर लिबइव्हेंट तिथेच होतं. अर्धा तास मी त्याच ओळीकडे बघत होते. मग उमगलं की एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एक चालवायला लागतं आणि दुसरं, नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं, बांधायला लागतं. माझ्याकडे पहिलंच होतं. वर्गात आजही दहातले सात-आठ जण इथेच अडकतात, म्हणून तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात या दगडापासून केली आहे.

पुढे मेक, म्हणजे प्रत्यक्ष दळण, चाललं. पंख्याचा आवाज वाढला आणि फायलींची नावं एकामागून एक वर सरकत गेली. काही वेळानं तयार टॉर माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. इन्स्टॉल केलं, नमुन्याच्या फायलीवरून टॉरआरसी ही मांडणीची फाइल तयार केली आणि साध्या वापरकर्त्याच्या नावानं टॉर चालू केलं. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून ते कधीच चालवू नये. जाळ्याशी जोडणी किती झाली ते टॉर टक्क्यांत सांगतं. माझी टक्केवारी एका आकड्यावर येऊन जी बसली ती हलेना. राउटर बंद करून चालू केला, टॉरआरसी तीनदा वाचली, पुन्हा बांधलं. पहाटे तीनच्या सुमाराला मी पहिल्यांदा लॉगमधली इशाऱ्याची ओळ नीट वाचली. ती सांगत होती की तुमचं घड्याळ चुकलंय. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता आणि लॅपटॉप कित्येक वर्षं मागच्या तारखेत वावरत होता.

घड्याळाचं एवढं काय, असं वाटेल. टॉरच्या जाळ्यात कोणते रिले चालू आहेत याची यादी काही मोजके निर्देशिका-सर्व्हर मिळून दर तासाला ठरवतात आणि त्यावर सह्या करतात. त्या यादीवर वेळेचा शिक्का असतो आणि तिची मुदत साधारण तीन तासांची असते. मुदत का, तर कुणी जुनी यादी हातात देऊन तुम्हाला बंद पडलेल्या किंवा शत्रूच्या रिलेंकडे वळवू नये म्हणून. ज्याचं घड्याळ चुकलेलं, त्याला नवी यादी कोणती आणि शिळी कोणती तेच कळत नाही. मी तारीख दुरुस्त केली. टक्केवारी सरसर चढत शंभरावर गेली. ही एक चूक मला टॉरच्या आतल्या रचनेबद्दल जेवढं शिकवून गेली, तेवढं दोन क्लिकमधून कधीच कळलं नसतं.

टॉरआरसीबद्दल इथे एवढंच सांगते की तिच्यात बहुतेक काही बदलू नये. टॉर 9050 या पोर्टवर फक्त तुमच्याच संगणकाचं ऐकत बसतं आणि ते तसंच बरं. शेवटचा रिले अमुकच देशातला हवा म्हणून ओळी घालणारे पुष्कळ भेटतात. त्यानं गर्दी कमी होते आणि लपण्याची जागा आक्रसते. आणखी एक फसवी जागा आहे. एखादं दुसरं साधन 9050शी जोडताना दोन पर्याय असतात. एकात संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता तुमचा संगणक आधी स्वतःच बाहेर विचारून येतो आणि मगच टॉरकडे वळतो. दुसऱ्यात तो प्रश्नही टॉरमधूनच जातो. पहिला पर्याय घेतलात तर कुठे निघालात हे तुम्ही पुरवठादाराला आधीच सांगून मोकळे झालात. कर्लसारख्या साधनात या दोन पर्यायांच्या नावांत एका शब्दाचा फरक आहे. सहाव्या प्रकरणात हे दोन्ही शेजारी-शेजारी चालवून दाखवले आहेत.

आता मुद्द्याच्या जागी येऊ. गहू समोर दळला, पण पोत्यात काय होतं? टारबॉल उतरवताना वाटेत कुणी तो बदलला असेल तर? म्हणून टॉरच्या प्रत्येक प्रकाशनाबरोबर फायलीचा चेकसम आणि त्यावरची सही दिलेली असते. जीपीजी या साधनानं ती ताडून पाहायची. ही पायरी लोक गाळतात, कारण ती गाळली तरी सगळं चालतं. माझ्या मते सही न तपासता सोर्सपासून बांधणं हे तयार पॅकेज घेण्यापेक्षाही वाईट आहे. डेबियनसारख्या व्यवस्थेत पॅकेजाची सही तुमच्या वतीनं आपोआप तपासली जाते. तुम्ही ती जबाबदारी स्वतःकडे ओढून घेता आणि मग पार पाडत नाही.

सही बरोबर निघाली तरी काम संपत नाही, हे 2024 सालानं शिकवलं. त्या वर्षी 29 मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं जाहीर केलं की एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा बसवला आहे. त्याला संशय आला तो एसएसएचनं दुसऱ्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद उगीच जास्त लागतोय म्हणून. 'जिया टॅन' हे नाव लावणाऱ्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला होता. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये एक अशी ओळ होती, जी सगळ्यांना दिसणाऱ्या गिट भांडारात नव्हती. बांधकाम सुरू झालं की ती ओळ चाचणीच्या फायलींत दडवलेला कोड बाहेर काढायची. टारबॉलवरची सही खरी होती आणि सही करणाराच घात करत होता. याच एक्सझेडची लायब्ररी टॉरही ऐच्छिक म्हणून वापरू शकतं, त्यामुळे ही गोष्ट आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली होती. म्हणून या पुस्तकात दोन वाटा दाखवल्या आहेत : टारबॉलमधून बांधायची आणि थेट गिटमधून बांधायची. दोन्हींतला फरक कसा काढायचा तेही दाखवलं आहे. ज्याला वेळ आहे त्यानं तो एकदा काढून बघावा.

उलट प्रकारची गोष्टही घडलेली आहे. 2006 साली डेबियनच्या एका देखभालकर्त्यानं ओपनएसएसएलमधल्या काही ओळी काढल्या, कारण एक तपासणी-साधन त्यांवर सारखी तक्रार करत होतं. त्या ओळी होत्या यादृच्छिक आकडे तयार करण्याच्या. निवडताना खडा म्हणून दाणे फेकले गेले. मे 2008मध्ये हे उघडकीला आलं तोवर त्या यंत्रांवर तयार झालेल्या चाव्या इतक्या मोजक्या शक्यतांमधल्या होत्या की त्यांची यादीच करता येत होती. टॉरच्या निर्देशिका-सर्व्हरांपैकी काहींच्या चाव्याही त्यामुळे बदलाव्या लागल्या. इथे घात कुणी केला नव्हता. हेतू स्वच्छ होता, कोड सगळ्यांसमोर होता आणि तरी जवळजवळ दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. 'सोर्स उघडा आहे म्हणजे सुरक्षित आहे' हे वाक्य मी म्हणूनच या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. सोर्स उघडा आहे म्हणजे तपासता येतो, इतकंच. तपासायला कुणीतरी बसावं लागतं.

आणि गिरणीचं काय? आमच्या गिरणीत आधी कुणाची बाजरी दळली गेली असेल तर आई पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला लावायची. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी 1984 साली छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हीच शंका मुळापर्यंत नेली. कंपायलरमध्येच असा घात बसवता येतो की तो निर्मळ सोर्समधूनही दूषित प्रोग्राम बांधेल आणि स्वतःची पुढची आवृत्ती बांधताना तोच घात तिच्यातही घालेल. सोर्स कितीही वाचा, त्याचा मागमूस लागणार नाही.

यावर टॉरच्या मंडळींनी शोधलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. 2013 साली माइक पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉर ब्राउझरची, म्हणजे टॉर आतच बसवलेल्या ब्राउझरची, बांधणी अशी करून दाखवली की एकाच सोर्सपासून वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर बांधलं तरी शेवटची फाइल बाइटन् बाइट एकसारखी निघते. ऐकायला सोपं वाटतं, पण बांधताना फायलीत तारीख शिरते, फोल्डरचं नाव शिरतं, फायलींचा क्रम बदलतो. हे सगळं एकेक करून पुसावं लागलं. त्यातून काय साधलं? दहा घरांत, दहा जात्यांवर दळलेलं पीठ एकमेकांशी ताडून बघता येऊ लागलं. एका गिरणीत काही मिसळलं असेल तर तिचं पीठ वेगळं पडतं आणि पकडलं जातं. म्हणजे तुम्ही घरी बसून बांधलेला ब्राउझर संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या ब्राउझरशी तंतोतंत जुळला, तर तुमची खात्री झाली एवढंच नव्हे, तर तुम्ही कधी न भेटलेल्या, टर्मिनल कधी न उघडणाऱ्या लाखो वापरकर्त्यांसाठी साक्षीदार झालात. त्या वार्ताहराला मी आज हे उत्तर देईन.

ब्राउझर बांधणं हे टॉर बांधण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. त्याच्या पोटात अख्खा फायरफॉक्स आहे. डिस्कवर भरपूर जागा लागते, साध्या यंत्रावर रात्र-दोन रात्री जातात आणि मध्येच वीज गेली तर जीव वरखाली होतो. त्यासाठी पुस्तकात सगळ्यात मोठं प्रकरण ठेवलं आहे.

आता सुरुवातीला म्हटलेली ती सगळ्यात मोठी चूक. टॉर स्वतः बांधलं, 9050वर ते चालू झालं, की उत्साही माणूस आपला नेहमीचा ब्राउझर त्याला जोडतो. माझाही पहिला आठवडा असाच गेला. पण नेहमीच्या ब्राउझरला तुमचे फॉन्ट माहीत असतात. बसवलेले मराठी फॉन्टसुद्धा खुणेसारखे असतात. खिडकीचं माप, भाषा, वेळेचा पट्टा, ग्राफिक्स कार्डाची तऱ्हा हे सगळं मिळून तुमचा ठसा तयार होतो, आणि तो आयपी पत्त्याशिवायही तुम्हाला ओळखायला पुरतो. टॉर ब्राउझर नेमकं याच्याविरुद्ध काम करतो. तो सगळ्यांना एकसारखं दिसायला लावतो, एवढं की खिडकीचं मापसुद्धा ठरावीक पायऱ्यांतच बदलतं आणि उरलेल्या जागेत करडी किनार दिसते. ती किनार म्हणजे बिघाड नाही. तिच्यामुळे तुम्ही गर्दीतले होता. म्हणून या पुस्तकाचा सल्ला असा आहे : बांधा मन लावून, पण बांधताना आपल्या आवडीनं काही घालू नका. घरच्या जात्यावर दळा, पण पीठ सगळ्यांसारखंच निघू द्या. जोडण्या-एक्स्टेन्शनं घालणं, रंगरूप बदलणं, वेगासाठी विशेष पर्याय लावणं, ही सगळी हौस दुसऱ्या सॉफ्टवेअरवर भागवा.

गर्दी नसली की काय होतं याचं एक उदाहरण पुरे. डिसेंबर 2013मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या सकाळी बॉम्बच्या धमकीचे ईमेल आले. ते टॉरमधून पाठवलेले होते. टॉरचं कूटलेखन कुणी फोडलं नाही. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टॉर कोण वापरत होतं एवढंच पाहिलं गेलं. नावं थोडी होती आणि त्यांतल्या एका विद्यार्थ्यानं चौकशी होताच कबुली दिली. त्याचा गुन्हा गुन्हाच होता आणि तो सापडला हे बरंच झालं. पण रात्री मदत शोधणारी मुलगी त्या वायफायवर एकटीच टॉर वापरत असेल, तर तीही तेवढीच उघडी पडते. तुम्ही टॉर बिनमहत्त्वाच्या कामालाही वापरलंत, बातम्या वाचायला, पाककृती शोधायला, तर तिच्याभोवती गर्दी होते.

गुन्हेगार हे वापरतात, हा आक्षेप मी टाळत नाही. वापरतात. सिल्क रोडसारखा अमली पदार्थांचा बाजार टॉरवरच भरला आणि ऑक्टोबर 2013मध्ये पोलिसांनी तो बंद केला. पण त्याच जाळ्यावर बीबीसी आणि न्यू यॉर्क टाइम्स यांनी बातम्या पोचाव्यात म्हणून आपले कांदा-पत्ते, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणारे पत्ते, सुरू केले. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या किल्टन वाचनालयानं 2015 साली आपल्या इमारतीत टॉरचा रिले चालवला. पोलिसांनी शंका काढली म्हणून तो थांबवला गेला. मग गावकरी सभेला आले, बोलले आणि सप्टेंबरमध्ये विश्वस्तांनी तो पुन्हा सुरू केला. वाचक काय वाचतो ते वाचनालयानं कुणाला सांगू नये, ही तिथली जुनी रीत आहे. गावोगावी वाचनालयं चालवणाऱ्या मराठी माणसाला ती परकी वाटू नये.

आपल्या देशात टॉर वापरण्यावर बंदी नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. जो गुन्हा टॉरशिवाय गुन्हा आहे तो टॉरमधूनही गुन्हाच राहतो. हे पुस्तक त्यासाठी लिहिलेलं नाही.

स्वतः बांधण्याची किंमतही सांगून ठेवते. तयार टॉर ब्राउझर स्वतःला अद्ययावत करतो. तुम्ही बांधलेलं टॉर तसं करत नाही. नवी आवृत्ती आली, त्यात सुरक्षेची दुरुस्ती आहे, हे तुम्हीच पाहायचं आणि पुन्हा सही ताडून, पुन्हा बांधायचं. एप्रिल 2014मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' दोष उघड झाला तेव्हा ज्यांनी एकदा बांधून ओपनएसएसएलसकट सगळं विसरून टाकलं होतं, त्यांचे रिले उघड्या खिडकीसारखे राहिले. दर महिन्याला अर्धा तास देणं जमणार नसेल, तर तयार टॉर ब्राउझर घ्या, त्याची सही तपासा आणि निश्चिंत वापरा. त्यात काहीही उणेपण नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना मी शेवटी हेच सांगते.

आणखी एक गोष्ट. सी भाषेतलं टॉर हळूहळू बाजूला होऊन रस्ट भाषेतलं 'आर्टी' पुढे येत आहे. त्याची 1.0 आवृत्ती सप्टेंबर 2022मध्ये आली. स्मृतीच्या हाताळणीतले दोष रस्टमध्ये मुळातच कमी होतात. शेवटचं प्रकरण आर्टी बांधण्याचं आहे आणि ते जाणूनबुजून छोटं ठेवलं आहे, कारण तिथली जमीन अजून बदलते आहे.

पुस्तकातल्या आज्ञा जशा टंकायच्या तशाच दिल्या आहेत आणि प्रत्येकीखाली ती काय करते ते मराठीत लिहिलं आहे. समजल्याशिवाय एकही ओळ टंकू नका. माझ्याकडूनही चूक झालेली असू शकते, ती शोधून काढा. आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या संगणकाचं घड्याळ एकदा बघून घ्या.